चार दहाचं शून्य

कुणी विचारो न विचारो, अक्षता सांगून मोकळी व्हायची, "माझी ताई इलेक्ट्रिकलमध्ये एम.टेक. करते." गडमुडशिंगीतून रोज बसनं कोल्हापूर गाठायचं, दिवसभर लॅबमध्ये राबायचं आणि हातावर सोल्डरचे चटके घेऊन घरी यायचं, हे काय सगळ्यांच्या ताईला जमतं?

"मग तुमचा पंखा का घरघरतोय?" वर्गातली मोना एकदा म्हणाली.

"ताई अख्ख्या गावाची लाईन बघते. पंखा तू बघून जा की."

आणि ते खरंच होतं. ओढ्याकाठच्या खांबावर दीप्तीनं एक रेकॉर्डर बसवला होता. तारेतून किती करंट जातो, हे तो मिनिटामिनिटाला नोंदवून ठेवायचा. सहा महिन्यांचे आकडे जमले होते आणि त्यांवरच तिचा प्रबंध उभा होता.

फक्त रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रेकॉर्डर शून्य दाखवायचा. दोनच मिनिटं. चार बाराला सगळं पुन्हा जागेवर.

गावातली वीज मात्र तेव्हा जात नव्हती. अक्षतानं रविवारी स्वतः जाऊन पाहिलं होतं. त्याच तारेवर आकारामतात्यांची विहिरीची मोटर चालायची. चार दहाला ती पाणी फेकतच होती.

कॉलेजातले सर म्हणाले, "मोटर चालते आणि करंट शून्य, असं होत नाही. यंत्र बिघडलंय. हे आकडे बाद. परत सहा महिने घे."

म्हणजे वर्ष वाया.

"बिघडलेलं यंत्र घड्याळ बघून बिघडतं व्हय?" दीप्ती घरी येऊन म्हणाली.

आई, ललिता, शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. "किती वाजता म्हणालीस?"

"चार दहा."

मशीनवरचा तिचा पाय थांबला. ती म्हणाली, "कृष्णातमामाला जाऊन भेट."

कृष्णातमामा म्हणजे पप्पांचे जुने सोबती. पप्पा, अण्णासो, लाईनमन होते. अकरा वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या त्याच खांबावर शॉक लागून गेले. अक्षता तेव्हा चार वर्षांची होती.

ओढ्यापलीकडच्या सबस्टेशनात मामांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं. परमिटचं. खांबावर चढण्याआधी लाईनमननं इथं सही करायची, मग खटका पाडून लाईन बंद होते. आणि ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच खाली उतरून ते परत करायचं. तोवर कुणीही खटक्याला हात लावायचा नाही.

"त्या दिवशी कुणीतरी लावला," मामा म्हणाले. "माझी ड्यूटी नव्हती."

पानावर पप्पांचं तिरकं अक्षर. वेळ, चार दहा. लाईनवर गेलेली माणसं, एक. पुढचा रकाना, परतलेली माणसं, कोरा.

दीप्तीनं मोबाईलवर पानाचा फोटो काढला.

"तू सही करून टाक," मामा हळूच म्हणाले. "लेक हायेस त्याची. ते शून्य मिटंल."

"न्हाय मामा. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. तुम्हीच सांगितलं न्हवं?"

तिनं दुसराच मार्ग काढला. जुन्या रेकॉर्डरशेजारी नवा लावायचा. दोन्ही यंत्रांनी शून्य दाखवलं, तर दोष यंत्रात नाही.

शनिवारी दुपारी पट्टा बांधून ती स्वतः खांबावर चढली. खाली शाळेच्या गणवेशात अक्षता मान वर करून उभी होती. तिला वाटत होतं, सगळ्या वर्गानं हे बघायला पाहिजे होतं. मामांनी सबस्टेशनातून फोन केला, "खटका पाडलाय, चढ." रजिस्टरात त्यांनी काही लिहिलं नाही. घरचीच पोरगी, तिला कसलं परमिट.

वर दीप्तीनं तपासणीसाठी टेस्टर काढला, तो हातातून सुटून गवतात पडला. "राहू दे," ती म्हणाली, "खटका पाडलाय की." आणि तिनं नव्या रेकॉर्डरचे चिमटे लावायला उघडी तार मुठीत धरली.

तेव्हाच अक्षताच्या कानावर तो आवाज आला.

विहिरीवर मोटर चालू होती.

मामांनी भलत्याच लाईनचा खटका पाडला होता.

"ताई."

दीप्तीनं खाली बघितलं. मग विहिरीकडे. पाईपातून पाणी धो धो पडत होतं आणि तार तिच्या मुठीत होती.

अक्षतानं फोनवर वेळ पाहिली. चार अकरा. शून्य संपायला एकच मिनिट होतं.

"ताई, चिमटे लाव आणि उतर. मी मिनिट मोजते."

दीप्तीनं दोन्ही चिमटे लावले. घाई केली नाही. हे अक्षता पुढं सगळ्यांना सांगणार होती. पाय जमिनीला लागले, तेव्हा चार बारा व्हायला थोडेच सेकंद उरले होते.

चार बाराला वर नव्या रेकॉर्डरवरचं शून्य जाऊन चटकन आकडा उमटला.

दोन्ही यंत्रांत तेच निघालं. चार बारा वाजेपर्यंत शून्य. आकडे बाद झाले नाहीत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी आलेख बराच वेळ न्याहाळला.

"नवा रेकॉर्डर लावल्यानंतर हे शून्य कुठंच नाही. का बरं थांबलं?"

"काम संपलं असेल, सर," दीप्ती म्हणाली.

ती पहिली आली. वस्तीतल्या विहारासमोर तिच्या नावाचा फलक लागला आणि अक्षतानं त्याच्याखाली उभं राहून मोनाला फोटो पाठवला.

पेढे घेऊन दोघी सबस्टेशनात गेल्या. मामांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. उठून त्यांनी जुनं रजिस्टर समोर ठेवलं.

"तुम्ही गेल्यापासनं मी कपाट उघडलं न्हवतं," ते म्हणाले. "आज सकाळीच काढलं."

अकरा वर्षांपूर्वीचं पान. दीप्तीच्या मोबाईलमधल्या फोटोत तो रकाना अजून कोराच होता. इथं तो भरलेला होता, त्याच तिरक्या अक्षरात. तारीख त्या शनिवारची. वेळ चार बारा.

लाईनवर गेलेली माणसं, एक.

परतलेली माणसं, दोन.