बंद दुकानातला आवाज

माझं केशकर्तनाचं दुकान आहे. वस्तऱ्यापेक्षा माझी जीभच जास्त चालते, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मग त्या जिभेलाच कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी अर्धी कापली, उरलेलीला रेडिएशनचे शेक दिले. जीव वाचला, बोलण्याचा मात्र चिखल झाला. "जरा वळा" म्हटलं, तर एका सद्गृहस्थांना "जावा" असं ऐकू आलं. बिचारे एका गालाला फेस घेऊन तडक घरी गेले. बायको हसून हसून लोळली. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात तोंड उघडणंच सोडलं.

"अहो, बोलत राहा हो," ती कळवळून सांगायची. "स्पीच थेरपीच्या बाई काय म्हणाल्या? वापरली नाही, तर आहे तेवढी जीभही आखडेल."

मी नुसती मान हलवायचो.

एकदा तिन्हीसांजेला ती कोपऱ्यावर माझी औषधं आणायला गेली. मी वस्तरे पुसत होतो, तोच लाइट गेली. रस्त्यावरची वर्दळ एकाएकी लांब लांब सरकल्यासारखी वाटली. मग मागे खुर्ची करकरली. कोणीतरी येऊन बसलं होतं. दार तर वाजलं नव्हतं...

तोंडाभोवती मफलर. अंगाला कॅन्सरच्या वॉर्डातल्या गुळण्यांच्या औषधाचा वास.

"आई अयाईये," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, हा आईला शोधतोय. मला बरोबर कळलं: दाढी करायचीये. हा तर आपल्यातलाच! मी खुशीत कापड बांधलं, अंदाजानेच फेस लावला. जबडा एका बाजूने खोल गेलेला, आणि गार... फरशीसारखा गार.

"घाबरलात?" त्याने विचारलं. आमचं दोघांचं बोबडं आता सरळ करूनच सांगतो.

"नाही... पण तुम्ही फार गार आहात."

"मग बोला की. दुकान मुकं झालंय तुमचं..."

आणि मी सुटलो! महिनोन्‌महिने तुंबलेलं सगळं बाहेर आलं. फेसवाल्या सद्गृहस्थांचा किस्सा ऐकून तो असा हसला, की खुर्ची गदगदली. भीती कुठल्या कुठे पळाली.

टॉर्चचा झोत आत आला. दारात बायको. खुर्चीत कोणी नव्हतं. गळ्याशी गाठ मारलेलं कापड मात्र माणसाच्या आकारात फुगून उभं होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू खाली बसलं.

"कोणाशी बोलत होतात?" तिचे डोळे भरले होते. "कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं... अगदी पूर्वीसारखं. 'ळ'सुद्धा स्वच्छ!"

"आणि दुसरा?" मी विचारलं. तोंडातून तोच चिखल.

"दुसरं कोणी नव्हतं हो... तुमचाच आवाज होता."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा बोलायला लागलो. गिऱ्हाइकांना निम्मं कळतं, निम्मं ते मनाने लावतात, आणि त्यांनी लावलेलं माझ्यापेक्षा भारी असतं. दुकान हसतंय. थेरपीच्या बाई माझ्यावर खूश आहेत.

काल अंधार पडायच्या आत दुकानाला कुलूप लावलं. मी आणि बायको रस्ता ओलांडत होतो. मी मुकाट चाललो होतो. मागे, बंद शटरच्या आत, बरीच माणसं खळखळून हसली. मग माझाच जुना, खणखणीत आवाज आला...

"हं, पुढचं कोण? या, बसा."

बायकोने माझा हात घट्ट धरला.