धर्मगुरू हसतो तो प्रवेश

जिन्यात लांब दाढीचा धर्मगुरू समोर आला, तशी ती अदबीने भिंतीला चिकटून उभी राहिली. तर स्वारी तिथेच थांबली. "अहो, तालमीची खोली कुठली? ही दाढी टोचून टोचून जीव घेतेय माझा!"

ती फस्सकन हसली. हसण्यापासून सुरुवात झाली, म्हणून तर फसली बिचारी.

ती दंतवैद्याकडे रिसेप्शनिस्ट, तो चष्म्याच्या दुकानातला. लिफ्टमध्ये अडकलेला धर्मगुरू दाखवला म्हणून एक विनोदी सिनेमा शहरात बंद पाडला होता. दोघं ज्या हौशी नाटकात काम करत होती, ते त्या वादावरच होतं. ती सिनेमाची दिग्दर्शिका, तो खवळलेला धर्मगुरू. दोघांनी कडाकडा भांडायचं, शेवटी तिने तोच लिफ्टचा प्रसंग करून दाखवायचा, आणि त्याने खो खो हसायचं. की पडदा.

"रोज इतकं ओरडता माझ्यावर, घसा नाही बसत?"

"बसतो ना. पण तुम्ही मध्येच ओठ चावता... मग ओरडायचंच विसरतो."

"चला, थापाडे कुठले!" ती म्हणाली खरी, पण कान गरम झालेच.

बघता बघता 'अहो'चं 'अगं' झालं. पण सिनेमा बंद पाडणाऱ्यांचे पुढारी म्हणजे याचेच वडील, आणि इथेच तर घोडं अडत होतं! मुलगा धर्मगुरूचं काम करतोय, एवढ्यावरच ते खूश. शेवट त्यांना ठाऊकच नव्हता.

"त्यांच्यासमोर हसेन," त्याने तिचा हात घट्ट धरला, "आणि लगेच आपलंही सांगून टाकेन. एकदा हसलो, की मग भीती कसली?"

"नक्की?"

"अगदी नक्की."

कसलं नक्की नि कसलं काय! प्रयोगाला वडील पहिल्याच रांगेत. तिने जीव ओतून लिफ्टचा प्रसंग केला, मागच्या रांगा हसून लोळल्या. मग ती त्याच्याकडे वळली – आणि थांबली...

त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. ओठ थरथरले, मिटले.

"लाज वाटू दे जरा," तो म्हणाला.

हे वाक्य नाटकात नव्हतंच. वडिलांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि पडदा पडला.

रंगपटात ती तोंड धूत होती. पाणी कुठलं नि आसवं कुठली, तिचं तिलाच कळेना. बाहेर वडील कुणाला तरी सांगत होते, "पोरगा आमचा!" तो दारात येऊन उभा राहिला.

"अगं, समजून घे ना... बाबा समोर होते."

"हो रे," ती म्हणाली, "मीही समोरच होते."