अंगठ्याखालचे नाव

आपले नाव कागदावर उतरवून परक्या माणसाच्या हाती देणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पण तिच्यात माणसाचा कस लागतो. जो देतो, त्याने त्या नावाची जबाबदारी पत्करलेली असते. आणि ज्याच्याकडून तो ते छापून घेतो, त्याच्यावर त्याने कळत नकळत विश्वास टाकलेला असतो. हा विश्वास कोणावर टाकावा, एवढा एकच प्रश्न मनात घेऊन ती त्या दुपारी छपाईच्या एका मोठ्या कंपनीच्या दालनात उभी होती.

तिचा व्यवसाय तंतुवाद्ये दुरुस्त करण्याचा. व्हायोलिनला गेलेली चीर सांधावी, गिटारची वाकलेली मान सरळ करावी, अबोल झालेल्या वाद्याला पुन्हा बोलते करावे. कार्यशाळा वडिलांची. त्यांचे हात कापू लागले, तेव्हा त्यांनी किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली आणि एकच आग्रह धरला. "पाटी माझ्या नावाची राहू दे हवी तर, पण कार्ड तुझ्या नावाचं हवं. लोकांना माझी सवय झालीय. ती आता तूच मोडायला हवीस."

येत्या शनिवारी संगीतशिक्षकांचे संमेलन भरणार होते. कोणते वाद्य कोणाकडे दुरुस्तीला द्यावे, हे ज्यांच्या शब्दावर ठरे, ती सारी मंडळी एका छताखाली येणार होती. तिथे तिला प्रथमच स्वतःच्या नावाने उभे राहायचे होते. एका कंपनीने नमुने घरपोच पाठवले होते. ते काही तिच्या मनास आले नव्हते. ही दुसरी कंपनी.

मांडणीवरचे एक गुळगुळीत कार्ड तिने उचलले, कानाशी नेले आणि नखाने त्यावर हलकेच टिचकी मारली. लाकूड पारखण्याची तिची ही लहानपणापासूनची खोड. घरी तिचे नावच त्यावरून 'टकटक' पडले होते.

शेजारी एक तरुण तसलेच कार्ड नाकाशी धरून, डोळे मिटून, मोठ्या तन्मयतेने हुंगत होता.

दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिले.

"तुम्ही... कार्ड ऐकता?" त्याने विचारले.

"आणि तुम्ही हुंगता, ते चालतं वाटतं?"

"शाई कुठली, ती नीट वाळली की नाही, सगळं वासावरून कळतं. तुम्हाला काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. रिकामा डबा वाजवल्यासारखं वाटतंय."

काउंटरपलीकडची विक्रेती खाकरली. तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "हळू बोला हो. मी इथलं गिऱ्हाईक नाही. मागच्या गल्लीत माझा छोटासा छापखाना आहे. यांनी कुठला कागद आणलाय, ते बघायला आलोय."

"म्हणजे हेरगिरी!"

"अभ्यास म्हणा... ऐकायला बरं वाटतं."

"मग द्या तुमचं कार्ड. अभ्यासू माणसाचंही एकदा वाजवून बघते."

त्याने एकेक करून सगळे खिसे चाचपले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "माझं... कार्डच नाही."

"छापखानेवाल्याचंच कार्ड नाही?"

"जगाची छापतो. स्वतःचं करायला बसलो, की काय लिहावं तेच सुचत नाही."

का बरे सुचत नसेल? — हा प्रश्न त्या संध्याकाळी सरस ढवळताना, तारा पुसताना, दिवा मालवतानाही तिच्या मनातून गेला नाही. कुतूहल हा मोठा सभ्य पाहुणा असतो. दार वाजवून आत येतो खरा, पण एकदा बसला की उठण्याचे नाव काढत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या गल्लीत गेली.

छापखाना अरुंद, पण नेटका होता. भिंतीलगत कागदांच्या थप्प्या, कपाटात शाईचे डबे, मध्यभागी कागद कापण्याचे जड यंत्र. त्याने तिच्यापुढे कोणतेही नमुने मांडले नाहीत. एक कोरे कार्ड तिच्या हाती दिले आणि म्हणाला, "मी तुमच्या दारी आलेलं गिऱ्हाईक आहे असं समजा. द्या."

"कोरंच?"

"आमच्याकडची रीतच आहे ती. आधी देऊन दाखवायचं, मग छापायचं."

तिने उजव्या हाताने ते पुढे केले. त्याने ते घेतले नाही. वाकून, श्वास रोखून तिच्या बोटांकडे पाहत राहिला.

"काय बघताय? भविष्य?"

"अंगठा. बहुतेकांचा कोपऱ्यावरच थांबतो. तुमचा या बाजूने चांगला आत येतो. तार दाबायची सवय असेल. नाव इथे छापलं, तर देतानाच झाकून जाईल." त्याने मान वर केली. "सरळ वर, मधोमध घेऊ?"

"छे, मधोमध नको! फार मिरवल्यासारखं वाटतं. दारावर अजून बाबांची पाटी आहे..."

तिचा स्वर किंचित हलला, हे त्याच्या लक्षात आले. त्याने आग्रह धरला नाही. "मग या दुसऱ्या बाजूला. बारीक अक्षरात."

"तसंच बरं."

"पुन्हा एकदा द्या बघू."

"का? नीट दिलं नाही?"

"नीट दिलंत... म्हणून तर."

मग कागद निवडायला तिची एक फेरी झाली. शाईची छटा पाहायला दुसरी झाली. तिसऱ्या फेरीचे कारण तिलाही घरी नीट सांगता येईना.

"टकटक," वडील चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तुला कार्ड छापून घ्यायचंय, की छापखाना दत्तक घ्यायचाय?"

"कागद ऐकावा लागतो, बाबा. सकाळी वेगळा वाजतो, संध्याकाळी वेगळा."

"कागद ना? बरं, बरं." मग ते जरा गंभीर झाले. "पण मोठी कंपनी चुकली, तर निस्तरायला दहा माणसं असतात. हा एकटा. ऐन वेळी काही चुकलं, तर शनिवारी तू रिकाम्या हातांनी उभी राहशील. पुन्हा असा मेळा वर्षभर नाही."

म्हणणे खोटे नव्हते. तरी ती म्हणाली, "बाबा, त्या दोन्ही कंपन्यांनी विचारलं, किती हवीत. यानं विचारलं, देणार कशी."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या घरात याचा अर्थ संमती असा होत असे.

शुक्रवारी दुपारी तो पुडके घेऊन स्वतःच कार्यशाळेत आला. ती एका व्हायोलिनची निखळलेली मान बसवत होती. कोमट सरसाने माखलेला उजवा हात सांध्यावर घट्ट दाबलेला होता.

"तुम्हीच उघडा, आणि एक ठेवा माझ्या या हातात," तिने डावा हात पुढे केला. कार्ड बोटांत धरून तिने टिचकी मारली आणि तिचा चेहरा उजळला. दबका, पण खरा आवाज! "घ्या. पहिलं तुम्हालाच."

त्याने पाहिले, आणि त्याच्या ओठांवरचे हसू जागच्या जागी विरले.

तिचे नाव कुठे दिसतच नव्हते. ते पुरते तिच्या डाव्या अंगठ्याखाली गेले होते.

"काय झालं? अक्षर चुकलं की काय?" कोपऱ्यातून वडिलांनी विचारले.

"अक्षर नाही चुकलं. मी चुकलो," तो म्हणाला. "छापखान्यात या हात धुऊन यायच्या, उजव्या हातानं द्यायच्या. इथे उजवा हात कायम कामात. इथे येणाऱ्या प्रत्येकाला या डाव्यानंच कार्ड देणार... मी पाहुण्या बाईंचा अंगठा मोजला. काम करणाऱ्या बाई मी पाहिल्याच नाहीत."

संमेलन उद्यावर आलेले. पण त्याने सबब सांगितली नाही, दोष झटकला नाही. आणि तेच तिच्या मनाला जाऊन भिडले.

"मग आता पाहा," ती हळूच म्हणाली. "सरस धरेपर्यंत मला हलता येत नाही. तुम्हीही हलायचं नाही. बसा त्या स्टुलावर."

तो बसला. वडिलांना अकस्मात काही आठवले. "माझा चिमटा कुठे गेला कोण जाणे," असे पुटपुटत ते आतल्या खोलीत निघून गेले. चिमटा त्यांच्या हातातच होता.

तो पाहत राहिला. ती सांध्याला कान लावून टिचकी मारी, ऐके, मध्येच हात बदली, ओठ दुमडून किंचित दाब वाढवी. भुवईवर लाकडाचा भुसा बसला होता, आणि त्याची तिला वार्ताही नव्हती.

"काय दिसलं?" तिने मान वर न करता विचारले.

"दोन्ही हात... कधी हा कामात, कधी तो. म्हणजे नावाला एकच जागा उरते."

"कुठली?"

"वर, मधोमध. ठळक. तिथे कुठलाच अंगठा पोहोचत नाही."

तिने आतल्या दाराकडे पाहिले. "मिरवल्यासारखं नाही वाटणार?" मग आतून आवाज आला, "मी पाटी मधोमधच लावली होती! तेव्हा मला कोणी म्हणालं नाही, मिरवतोस म्हणून!"

ती हसली. डोळे भरले होते, तरी हसली. "छापा," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी संमेलनाच्या दाराशी तो वेळेआधीच उभा होता. तिने नवे कार्ड डाव्या हाताने धरून पाहिले, मग उजव्या हाताने. नाव मोकळ्या आकाशासारखे स्वच्छ होते. एवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक शिक्षिका जवळ आल्या, त्यांनी कार्ड घेतले आणि ते नाव मोठ्याने वाचले. "दुरुस्ती तुम्ही स्वतः करता?"

"हो. मी स्वतः," ती म्हणाली, आणि त्या वेळी तिचा स्वर जराही हलला नाही.

गर्दी पांगल्यावर तो पुढे आला. "एक माझंही छापलंय. एकच प्रत." तिच्या उजव्या हातात पिशवी होती, तिने ते डाव्या हाताने घेतले. त्यावर फक्त एक बारीक ओळ दिसत होती — संध्याकाळी सहानंतर मोकळा.

तिने कार्ड कानाशी नेले.

"काय ऐकू येतं?"

"थोडं... थरथरतंय."

"कार्ड नाही, मीच थरथरतोय."

"आणि नाव कुठे आहे तुमचं? विसरलात?"

"अंगठा उचला."

तिने उचलला. तिच्या अंगठ्याच्या बरोबर खाली, लहानशा अक्षरांत, त्याचे नाव होते.

"पुन्हा चुकलात," ती कुजबुजली. "हे झाकलं जातंय."

"नाही... या वेळी नीट मोजलंय. तिथेच राहू द्यावं, असं वाटतं."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग अंगठा सावकाश, जपून, पुन्हा त्याच जागी ठेवला. "सहानंतर म्हणजे... नक्की सहा ना?"

"पावणेसहालाच शटर ओढतो."

चुकलेल्या कार्डांचे पुडके वडिलांनी टाकू दिले नाही. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते आजही वार्निशच्या छटा तपासून पाहतात आणि पुढल्या बाजूचे ते बारीक नाव कोणाला दिसल्यास मिस्कील हसतात. ज्या हातांनी एकमेकांचे नाव असे जपून धरले, ते हात सदैव उद्योगी आणि उबदार राहोत. आणि ज्या वृद्ध हातांनी त्यांना वाट मोकळी करून दिली, त्यांना निवांतपणाचे सुख लाभो.