चाळीस मिनिटांचा जिना

"जरा सरकता का? माझ्याही तारा आहेत."

तिने मान वर केली. खरंच की! त्याच्याही शर्टाच्या गुंड्यांमधून रंगीत तारा डोकावत होत्या आणि कमरेला अगदी तिच्यासारखाच डबा. ती बाकावर सरकली. समोरच्या खुर्चीतल्या आत्याने चष्म्यावरून एकदा बघून घेतलं.

ती पडदे शिवायची. गेलं वर्षभर तिचं काळीज अधूनमधून उधळायचं. कारण नाही, निमित्त नाही, अगदी सुई ओवतानासुद्धा. दवाखान्यात पोचेपर्यंत मात्र स्वारी साळसूद! तीन डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. चौथ्याने लग्न सुचवलं, तेव्हा आत्या उसळली, "लग्न हे औषध असतं, तर घरोघरी एवढी दुखणी का असती हो?" आणि भाचीचा हात धरून ती थेट इथे आली, फक्त हृदयाच्या ठोक्यांचंच बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे.

बाईंनी डबा लावला, चोवीस तासांसाठी. सोबत एक कागद दिला. वेळ, काय करत होता, काय त्रास झाला. "खरं लिहा. यंत्राला नुसते ठोके कळतात, कारण तुम्हालाच ठाऊक." यंत्र नीट चालतंय ना ते बघायला तासभर बाहेर बसायचं होतं.

"तुमचं काय?" तिने विचारलं.

"मधेच एक ठोका गाळतं. स्टॉप आला तरी बस थांबू नये, तसं. मी बसच चालवतो. म्हणजे... इथून फिटनेसचा कागद मिळेपर्यंत घरीच. आणि तुमचं?"

"मी पडदे शिवते. शिवताना मधेच उधळतं, पण कुणाला दिसतच नाही. इथे आलं की गप्प."

तो हसला नाही. "गाडीचंही तसंच असतं हो. रस्त्यावर खडखड, गॅरेजात नेली की चिडीचूप. मग मेकॅनिक म्हणतो, तुमच्या कानातच दोष. पण चालवणाऱ्याला कळतं की नाही?"

वर्षभरात पहिल्यांदाच कुणाला तरी तिचं खरं वाटलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं... आणि धडधड सुरू झाली. पण ही काही वेगळीच! नेहमीची धाडकन यायची, ही आपली पायरी पायरीने चढत होती. हे काय नवीन? तिने घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस. 'काय करत होता' या रकान्यात तिने लिहिलं — जिना चढले.

"काय लिहिलंत?"

तिने कागदावर तळवा ठेवला. "तुम्ही काय लिहिलंत?"

"आधी तुम्ही दाखवा."

"अजिबात नाही!"

आठवड्याने डॉक्टरबाईंनी लांबलचक पट्टी टेबलावर पसरली. "हे बघा, दुपारी चार दहा. पडदा शिवताना एकदम एकशे नव्वद! सापडला चोर."

"म्हणजे... मनाचे खेळ नाहीत?"

"छे! जन्मापासून हृदयात एक जास्तीची वाट आहे. पायाच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती वाट बहुतेक वेळा बंद करता येते."

तिचे डोळे भरले. "आता कशाला रडतेस?" आत्या नाक ओढत म्हणाली. "खरी ठरलीस ना!"

"पण हे काय?" बाईंचं बोट सरकलं. "नऊ चाळीस. जिना चढले. चाळीस मिनिटं? कितव्या मजल्यावर गेला होतात?"

"जिना कसला? तेव्हा तर ही बाहेर बाकावर होती!" आत्या म्हणाली.

"चोर दोन असतील, तर मला दोघांना शोधावं लागेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "नक्की काय करत होतात?"

वर्षभर ती जगाशी भांडली, माझं कुणी खरं मानत नाही म्हणून. आणि ज्या बाईंनी खरं विचारलं, त्यांनाच थाप मारली!

"जिना नव्हता," ती पुटपुटली. "बाकावर होते. शेजारी... ते बसवाले होते."

बाईंनी 'जिना' खोडून 'बाक' लिहिलं, पुढे 'निरोगी'. आत्याला एकदम खोकला आला.

बाहेर तो फाईल घेऊन बसला होता. "गाळलेले ठोके निरुपद्रवी निघाले. सोमवारपासून बस! तुमचं?"

"चोर सापडला. पुढच्या महिन्यात तार घालणार."

"बघा! चालवणाऱ्याला कळतं. पण... भीती वाटते?"

"वाटते. तुमचा कागद दाखवा."

"आधी तुमचा."

"हिचा मी सांगते," आत्या म्हणाली. "तुमच्या शेजारी बसून चाळीस मिनिटं जिना चढत होती म्हणे!"

त्याने फाईल पुढे केली. ड्रायव्हरचं अक्षर, मिनिटामिनिटाची नोंद. ९.४० ते १०.२०. बाकावर. शेजारी पडदे शिवणाऱ्या बाई. ठोके जोरात. आणि 'काय त्रास झाला' या रकान्यात — त्रास म्हणता येणार नाही.

तिने ते दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय गं?" आत्याने विचारलं. "मला एवढं बारीक दिसत नाही."

ती त्याच्या शेजारी जाऊन टेकली, आणि या वेळी सरकली ती लांब नव्हे... जवळ.