दुसऱ्या आवृत्तीतली मुलगी

टाचणीचं काम ऐकून लोक आधी हसायचे. टेबलाभोवती बसून खेळायच्या साहसकथांची पुस्तकं असतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि अडलं की फासे टाकतात. त्या छापून गेलेल्या पुस्तकांतल्या बारीकसारीक चुका हिने दुसऱ्या आवृत्तीआधी निस्तरायच्या. नकाशात दार पूर्वेला, मजकुरात पश्चिमेला. तिसऱ्या प्रकरणात मेलेला पहारेकरी पाचव्यात जांभया देत उभा. खेळणारे अशा बाबतीत भलते द्वाड. एखादी फट सापडली की सूत्रधाराच्या नाकी नऊ आणतात, आणि मग सूत्रधार प्रकाशकाला फोन करून तोंडसुख घेतो.

तिचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. जिथे तिथे टोचायची, म्हणून टाचणी. नियम एकच, मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलेला: पानं हलता कामा नयेत, म्हणजे एका पानावरचा मजकूर दुसऱ्यावर सरकता कामा नये. म्हणून एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांची असेल, तर जिथे कमी शब्द ती बाजू उडवायची. जास्त शब्दांची बाजू खरी धरायची.

या वेळचं पुस्तक डोंगरातल्या एका सराईचं होतं. सराईवाली बाई वाटसरूंना स्वच्छ सांगते, मला मूलबाळ नाही. आणि पुढे भटारखान्यामागून लहान मुलाचं रडणं ऐकू येतं. त्या रडण्याचं पुढे काहीच होत नाही. टाचणीने ती ओळ उडवली आणि पान छपाईच्या तयारीला दिलं.

पान परत आलं. रडणं गेलं होतं, पण वरच्या मजल्यावर कुणीतरी लहान पळत गेल्यासारखं वाटत होतं. मागच्या वेळी नजरेतून सुटलं असेल म्हणून तिने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि तेही काढलं. पुढच्या खेपेला तबेल्यातल्या गवतात खळगा निघाला, कुणीतरी लहान अंगाचं मुटकुळं करून झोपल्यासारखा.

"हे तुम्ही घातलंत?" तिने नकाशेकाकांना विचारलं. नकाशे काढायचे आणि पानंही तेच लावायचे.

"मी कशाला घालू बाई? मला माझे जिने सरळ काढताना घाम फुटतो."

लेखकाला फोन केला तर तो उखडलाच. "मूल? माझ्या गोष्टीत मूलच नाही. मूल असतं तर ती बाई अशी वागली असती का?"

रविवारी दुपारी तिच्या नवऱ्याने घरीच मित्रांना जमवून कच्ची प्रत खेळायला घेतली. दर पुस्तकाची अशी एक चाचणी व्हायचीच. जेवणाच्या टेबलाखाली त्यांची आठ वर्षांची बबडी खाली पडलेले फासे गोळा करत बसली होती. नवरा रंगात येऊन वाचत होता. मध्येच त्याचा आवाज उतरला.

"जिन्यावर एक मुलगी उभी आहे. ती तुम्हाला विचारते, माझी आई कोण?"

मित्रांतला सगळ्यात बडबड्यासुद्धा हातातला फासा टाकायचा विसरला.

"हे मनाचं घातलंस ना?" टाचणी म्हणाली.

"लिहिलंय की. हे बघ." आणि खरंच लिहिलेलं होतं.

टेबलाखालून बबडी ओरडली, "मग द्या ना तिला आई! एवढं काय त्यात?" सगळे हसले. टाचणीही हसली, पण तिला ते हसू काही मनापासून आलं नाही.

सोमवारी मालकांनी हात टेकले. "टाचणीबाई, छापखान्यात यंत्र आपल्यासाठी अडवून ठेवलंय. एकतर त्या पोरीला पुरती काढा, नाहीतर पुरती घाला. मधलं लोंबकळणं नको."

काढून तर ती दमली होती. म्हणून तिने घातली. एक चित्र गाळल्यामुळे पाव पान मोकळं पडलं होतं. आणि भरीला काही लागलं की टाचणी घरातलं उचलायची. सगळ्या पुस्तकांत ठिकठिकाणी तिचं सासर-माहेर बसलेलं होतं. एका राजाचा कारभारी थेट तिच्या सासऱ्यांसारखा खाकरायचा, आणि सासऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. सराईवालीला तिने मुलगी दिली. पुढचा दात अर्धा तुटलेला. दोन वेण्या, त्यातली डावी कायम सुटलेली. आकडे मोजताना ओठ हलवणारी. घाई कर म्हटलं की मुद्दाम हळू चालणारी. सराईवालीच्या तोंडचं ते मूलबाळ नसल्याचं वाक्य तिने खोडून टाकलं. लिहिताना तिला आपल्या पोरीचं असं प्रेम दाटून आलं की डोळे भरले.

पान परत आलं ते अगदी स्वच्छ. कुठेही रडणं नाही, पळणं नाही. टाचणीने सही करून सोडलं.

त्याच आठवड्यात शाळेची गाडी दारावरून न थांबताच पुढे गेली. चालक ओशाळून म्हणाला, "माफ करा ताई, इथे थांबायचं असतं हे डोक्यातून गेलंच." मग एका संध्याकाळी बबडी पुस्तक वाचत असताना नवऱ्याने खोलीतला दिवा घालवला. ती किंचाळली तसा तो भिंतीला टेकला. "अगं बाई, दचकलोच मी! कोण आहे म्हटलं." टाचणीने त्याला विसरभोळा म्हणून खूप चिडवलं. शाळेतल्या बाई मात्र वाटेत भेटल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "तुम्हाला कधी पाहिलं नाही. तुमचं कुणी आहे का आमच्याकडे?"

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी ती बबडीच्या वेण्या घालत होती.

"आई, बाबा मला बघून आधी थोडं थांबतात. आणि मग हसतात."

"काहीतरीच तुझं."

"खरंच. आठवल्यासारखं करतात."

तिने डावी वेणी पुन्हा सोडून घट्ट घातली, बबडी ओरडेपर्यंत घट्ट. मग पोरीला नवऱ्याजवळ ठेवून ती ऑफिसला निघाली, आणि ऑफिसात न जाता तडक छापखान्यात गेली.

यंत्र थंड होतं. शाईचा वास तेवढा होता.

"ते सराईचं पुस्तक थांबवा," ती म्हणाली.

छापखानेवाला हात पुसत बाहेर आला. "काय थांबवू? कालच बांधून झालं, गठ्ठे दुकानांत गेले. नमुन्याच्या तेवढ्या प्रती आहेत."

तिने एक उघडली. पान चटकन सापडलं.

दात होता, वेण्या होत्या. पण तिने पाव पान लिहिलं होतं, आणि मजकूर पान उलटून पुढे गेला होता. मुलगी झोपेत पाय आपटते. ताप आला की आईचा कान धरून झोपते. तिला अंधार चालतो, बंद दार चालत नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट सारखी येते, की बाबा तिला बघून आधी थोडं थांबतात.

हे आज सकाळचं होतं.

शेवटच्या ओळीत सराईवाली तिला हाक मारत होती. बबडी.

नाव तर तिने कुठेच लिहिलं नव्हतं. एकच मुलगी दोन ठिकाणी होती, आणि जास्त शब्दांची बाजू पुस्तकातली होती. तिने प्रत तिथेच टाकली. तिने नवऱ्याला फोन लावला.

"बबडी कुठेय?"

"कोण?"

"थट्टा नको रे. बबडी कुठेय?"

"कोण बबडी?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती. "अगं, बरं नाहीये का तुला?"

त्याच्या मागे नळ वाहत होता. कुणीतरी बारीक आवाजात गुणगुणत होतं.

मग गुणगुणणं थांबलं. नळ वाहत राहिला.

ती पळत सुटली. पळता पळता मोठ्याने घोकत होती. तुटका दात. दोन वेण्या. पाय आपटते. कान धरते. बबडी. माझी बबडी. लोक वळून बघत होते.

चौकात तिला धाप लागली. दोन वेण्या. कान धरते.

गल्लीच्या तोंडाशी: कान. कुणाचा कान?

दारात पोचली तेव्हा ती चालत होती.

नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला. "काय झालं? फोनवर काहीतरी भलतंच बोलत होतीस."

"काय बोलत होते?"

"नीटसं कळलंच नाही. उन्हाने झालं असेल." त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने तिला बरं वाटलं.

"आधी तो नळ बंद कर," ती म्हणाली. "कुणी चालू ठेवला?"

"मी नाही गेलो तिकडे."

तीच गेली आणि नळ बंद केला. बेसिनपुढे एक बुटकं लाकडी स्टूल होतं. बेसिन तर तिच्या कमरेएवढंच. इथे उभं राहायला स्टूल कुणाला लागणार? त्याच्यावर दोन ओली पावलं उमटली होती, तिच्या तळहातात मावतील एवढी. कडेने ती वाळायला लागली होती.

टाचणी क्षणभर बघत राहिली. कशाशी काही जुळत नसलं की तिला चैन पडत नसे. तिने फडकं घेतलं, पावलं पुसून काढली आणि स्टूल माळ्यावर टाकलं.