जनीच्या फाट्यातलं कण्हणं

"तुम्ही येताय की मी एकटीच जाऊ?" चपला हातात घेत रियाने विचारलं.

रियाचा मित्र हमझा आणि त्याची बहीण रिदा भाऊबीजेच्या फराळाला कोळीवाड्यात आले होते. चकलीबरोबर वाईट बातमीही मिळाली. रियाचे आजोबा काशिराम होडी विकणार होते. परवा दुपारी मोरा बंदरातला, मोऱ्याचा माणूस ती न्यायला येणार होता.

"फाटा मेला. आता होडी कोनासाठी ठेवू?" एवढं बोलून आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याच होडीत रिया वल्हं मारायला शिकली होती. तिला रडूच कोसळलं.

जनीचा फाटा म्हणजे पनवेल खाडीची तिवरांच्या रानात शिरलेली चिंचोळी शाखा. गाढी नदी खाडीला मिळते तिथून थोडी खाली. इथे जिताडा मासा मिळायचा, चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारायच्या. दोन महिन्यांपूर्वी भरतीचं पाणी आत यायचं थांबलं आणि दुपारचं कुणीतरी कण्हायला लागलं. पूर्वी गाळात रुतून गेलेली जनीच ती, असं म्हणत गावाने पाठ फिरवली.

कोण कण्हतं ते शोधायला भर दुपारी तिघं आत शिरली. तिवरं वाळून काळी पडलेली, चिखलाला भेगा, पायाखाली मेलेल्या खेकड्यांची कवचं कडकड मोडणारी. एकही बगळा नाही.

"इथे डाससुद्धा नाहीत," रिदा कुजबुजली.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. हूंऽऽऽ... लांबलचक, ओला, आजारी म्हातारीसारखा.

"या अल्लाह! पळा!" हमझा ओरडला.

धूम ठोकताना रियाची नजर हमझाच्या घड्याळावर गेली. दीड.

भीती होतीच, पण होडी जाणार होती ना! दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा काठावर हजर. दीड वाजून गेला, सगळं चिडीचूप. सव्वादोनला मात्र, हूंऽऽऽ!

"तुमची जनी आज उशिरा उठली," हमझा म्हणाला. आवाज कापत होता पठ्ठ्याचा.

रिया थबकली. "थांब. आजोबा म्हणतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. काल बीज, दोनची पाऊणपट दीड. आज तृतीया, सव्वादोन. अरे, ही जनी नाही, भरती आहे! कुठेतरी अडकलीय."

तिघं फाट्याच्या तोंडाशी धावली. तिथे डेब्रिजचा बांध! बाहेर छातीभर पाणी, आत ठणठणाट. बांधाखालचा पाइप प्लॅस्टिकने आणि गाळाने तुंबलेला. पाणी रेटायचं, आत कोंडलेली हवा फटीतून निसटायची आणि पाइप कण्हायचा.

बांधाजवळ खुर्ची टाकून विश्वजीत बसला होता, ट्रक पार्किंगचा ठेकेदार. "पाइप टाकलाय की आम्ही! आणि ही जागा कोरडीच आहे. उद्या नऊला वनखात्याच्या बाई पार्किंगसाठी जागा बघायला येतायत, बघून जातील."

रियाने मनात हिशोब केला. उद्या नऊला ओहोटी. दोन्हीकडे चिखलच दिसणार.

रिदा गोड हसली. "काका, तीनला बोलवा ना त्यांना. अम्मी गूळ घालून वाफेवरची सांदणं करणार आहे, तुम्हाला आणते."

"सांदणं? मग तीनलाच बोलावतो."

कळंबोलीच्या ट्रकांत जन्म काढलेल्या माणसाला भरतीची वेळ कुठून कळणार!

चतुर्थीला तीन वाजता वनखात्याच्या रेवाताई बांधावर उभ्या राहिल्या. उजवीकडे पाणी डुचमळत होतं, डावीकडे भेगा. आणि पायाखालून, हूंऽऽऽ! विश्वजीतच्या हातातलं सांदण पाण्यात पडलं.

"ही तुमची कोरडी जागा?" रेवाताईंनी थंडपणे विचारलं. "तो जेसीबी आणा. बांध फोडा, आत्ता."

बांध फुटला आणि पाणी खळाळत आत धावलं. चिखलात तिरकी पडलेली होडी हलली, डुलली, सरळ झाली. गलका ऐकून आजोबा काठावर आले होते. मागे मोऱ्याचा माणूस.

"शाबास गं माझी वाघीण! शाबास रं पोरांनो!" आजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "भुताला भिऊन दोन महिने मी पंचांगच उघडलं नाय. उघडलं असतं तर मलाच कललं असतं." मग ते मागे वळले. "भाऊ, तू आला तसा जा. होडी विकायची नाय."

ते पुन्हा पाण्याकडे वळले.

"रिया, उद्याची भरती कवा?"

"पंचमी... पावणेचार!"

"मग साडेतीनला होडीवर या. तिघंबी."