मागून 'पोचलं' येत होतं

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी धड केला असता.

ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या आणि दुसरं काहीतरी वाचा. माझ्यासोबत जे दोघं होते ते आता म्हणतात, धुकं होतं, दमलो होतो, कानात काहीही वाजतं. म्हणू देत. त्यांच्या घरातला माणूस नव्हता तो.

माझ्या घरातला होता.

गेल्या थंडीतली गोष्ट. शनिवारची रात्र सरून रविवारची पहाट फुटत होती. बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागच्या डोंगरात आम्ही चौघं पहिल्यांदाच ट्रेल मॅरेथॉन पळणार होतो. डांबरी रस्ता नाही. पायवाट, मुळं, दगड, चढ, उतार.

आमचा पुढारी वायरमन. काटक, पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी असा. त्याच्यामागे डॉक्टर, म्हणजे दातांची. पेशंटला 'आ करा' म्हणते त्याच आवाजात आम्हाला 'पळा' म्हणते. तिच्यामागे मी. माझं गॅरेज आहे. आणि शेवटी दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. झेरॉक्सचं दुकान, सुटलेलं पोट आणि छातीत बसवलेली स्टेंट.

हो, स्टेंट. हृदयाच्या डॉक्टरने परवानगी दिली होती. ताईने दिली नव्हती.

"ह्यांना मागे एकटं सोडलंस तर माझ्या दारात उभा राहू नकोस," निघताना ताई म्हणाली. हसत नव्हती.

"अगं, दाजी काय कुक्कुलं बाळ आहेत?"

"ते मला नको सांगूस. तू नेतोयस ना? मग जसे नेतोयस तसेच परत आण."

तसेच परत आण. हे लक्षात ठेवा.

आमच्या ग्रुपचा एक नियम होता. अरुंद वाटेवर एकामागे एक पळायचं. पुढच्याला दगड दिसला की तो ओरडणार, "दगड!" मागच्याने तेच मागे ओरडायचं. हाक शेपटापर्यंत गेली की शेवटचा ओरडणार, "पोचलं!"

'पोचलं' ऐकू आलं की समजायचं, सगळे आहेत. मागे वळून बघायचं नाही. उतारावर मागे बघणारा तोंडावर आपटतो.

शेवटचे नेहमी दाजी. आणि दाजी नुसतं 'पोचलं' म्हणतील तर शपथ. धापा टाकत शेपूट जोडायचेच.

"पोचलं... सही-शिक्क्यासह!"

"पोचलं... पाठपोट प्रत काढली!"

डॉक्टर पुढून ओरडायची, "बोलण्यात दम घालवू नका हो!"

"दम आहेच कुठे घालवायला?"

आणि ती धाप... कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलेल्या स्कूटरसारखी. गर्दीतसुद्धा ओळखू यायची.

पहिला चढ झकास गेला. वर पाण्याचं टेबल होतं. तिथे दाजी खाली बसले.

"तुम्ही व्हा पुढे, मेहुणे. लेस बांधून आलोच."

मी हललो नाही. ते उठले, माझ्या मागे लागले, धाप सुरू झाली, तेव्हाच मी पाऊल उचललं.

तिथून वाट खाणीच्या काठाने जाते. एका बाजूला झाडी. दुसऱ्या बाजूला मातीचा बुटका बांध, आणि बांधापलीकडे खोल खड्डा. आयोजकांनी तिथे काय लावलं होतं माहितीये? प्लास्टिकची लाल-पांढरी पट्टी. वाढदिवसाला लावतात तशी. मेडलला सोनेरी मुलामा द्यायचं बरोबर सुचलं त्यांना. कठडा नाही सुचला.

आणि मग धुकं उतरलं.

पुढची डॉक्टर दिसेनाशी झाली. फक्त हाका.

"मूळ!"

"मूळ!" मी मागे ओरडलो.

"पोचलं."

नुसतं पोचलं.

दमले असतील, मला वाटलं.

"दगड!"

"दगड!"

"पोचलं."

पुन्हा नुसतंच. आता मी कान दिला. शब्द अगदी पाठीशी होता... पण पावलं नव्हती.

धाप नव्हती.

मला संशय आला, दाजी मस्करी करतायत. श्वास रोखून, दबकत पळतायत. तसा माणूस विनोदी.

"दाजी, सोंग पुरे!"

"पोचलं."

मी वेग कमी केला.

"दाजी, ताई खाली आलीये, तुमच्या नावाने शंख करतीये!"

आता तरी हसतील. आता तरी काहीतरी चावट बोलतील...

"पोचलं."

मी गपकन थांबलो आणि वळलो.

मागे कोणी नव्हतं.

मी बोंब मारली. वायरमन आणि डॉक्टर परत फिरले.

"काय झालं? 'पोचलं' येतंय की मागून," वायरमन वैतागला.

"ते दाजी नाहीयेत."

"मग कोण आहे, माझा काका?"

तेवढ्यात दाजी आले.

वाटेवरून नाही. बांधाकडून.

कपाळ कोरडं. छाती शांत. पोट वरखाली होत नव्हतं.

"कुठे होतात?"

"मागेच."

"मग बांधाकडून कसे आलात?"

"चला."

डॉक्टरने त्यांचं मनगट धरलं. "नाडी मस्त आहे की. माझ्यापेक्षा संथ. हात मात्र बर्फ झालाय हो तुमचा."

"थंडी आहे," दाजी म्हणाले.

मला पटलं नाही. पण काय म्हणणार? समोर माणूस उभा. कपडे तेच, चेहरा तोच. मी त्यांना माझ्या पुढे घेतलं आणि स्वतः शेवटी राहिलो. नजरेसमोर असलेले बरे.

त्यांच्या पाठीकडे बघत पळत होतो. टी-शर्टवर घामाचा एक डाग नव्हता.

"दगड!" पुढून वायरमन.

"दगड!" डॉक्टर.

"दगड," दाजी. मागे न बघता.

आता शेवटचा मी. 'पोचलं' म्हणायला तोंड उघडलं...

आणि मागून आलं.

खूप लांबून. धापा टाकत.

"पोचलं... सही... शि..."

अर्धंच.

मी थांबलो. पुढचे दाजीही थांबले. वळले नाहीत. पाठ तशीच ठेवून बोलले.

"मागे बघू नकोस."

दाजींनी मला आयुष्यात कधी 'तू' म्हटलं नव्हतं. थट्टेत का होईना, मेहुणे आणि अहो-जाहो.

मी उलटा पळत सुटलो. दाजींच्या नावाने घसा फाटेस्तोवर ओरडत, पार पाण्याच्या टेबलापर्यंत. वाटेत ती प्लास्टिकची पट्टी एका जागी तुटली होती. तिचं टोक खड्ड्यावर फडफडत होतं. वाकून बघितलं. खाली नुसतं पांढरं.

टेबलावरचा स्वयंसेवक बिस्किट खात होता. मी त्याला काठापर्यंत ओढत आणलं.

"इथून माझे दाजी पडलेत."

त्याने दाजींचा शर्यतीतला नंबर घेतला आणि वॉकीटॉकीवर खाली विचारलं. बराच वेळ खरखर. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच पडलोय, डोक्यावर.

"अहो, ते तुमच्या ग्रुपबरोबर आहेत. आत्ताच पुढच्या टेबलावरून गेले. सगळ्यांच्या पुढे."

सगळ्यांच्या पुढे? दाजी?

धुकं विरेपर्यंत मी काठावरच बसून राहिलो. खाली हिरवं, साचलेलं पाणी. त्यावर काही तरंगत नव्हतं.

खाली उतरून आयोजकाला गाठलं. पाण्यात माणसं उतरवा म्हटलं. हात जोडले, मग शिव्या दिल्या. तो थंडपणे म्हणाला, "सगळे परत आलेत साहेब. शोधायचं कोणाला?"

खरंच. कोणाला?

दाजी समोर उभे होते. गळ्यात मेडल. ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आनंदाने. मला बघून म्हणाली, "आणलेस रे नीट."



मग आठवडे गेले. ताईचे फोन यायचे. "अरे, घोरणं बंद झालं ह्यांचं! जिने चढतात तर आवाज नाही. पळणं मानवलं बघ." हळूहळू त्यात दुसरं काही यायला लागलं. "दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत नाहीत म्हणे." मग, "माझ्यावर एक विनोद करत नाहीत रे." मग फोनच कमी झाले.

वायरमनला सांगितलं तर म्हणाला, "माणूस सुधारला की तुझ्या पोटात का दुखतं?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ताईकडे गेलो. लिफ्ट बंद होती. जिना चढून वर पोचलो, दार उघडं होतं. दाजी खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद, आणि हे बंद टीव्हीकडे बघत. ताई ओट्यापाशी भांडी विसळत होती. मी उंबऱ्यातच बूट काढायला वाकलो.

तेव्हा खालून आवाज आला.

जिन्यात कोणीतरी चढत होतं.

थोडं चढायचं... थांबायचं... धापा टाकायच्या.

पुन्हा चढायचं.

"कोण रे एवढं दमून येतंय..." ताई आतून म्हणाली.

आणि नळ बंद झाला.

ती ओल्या हातांनी दारात आली. तिने ती धाप माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं, रोज रात्री, उशाशी ऐकली होती. तिला मी काय सांगणार?

आवाज खालच्या मजल्यावर येऊन थांबला.

"दार लाव."

दाजींचा आवाज खुर्चीतून नाही आला. आमच्या पाठीमागून आला. ते कधी उठले, कधी आले... पाऊल वाजलं नव्हतं.

"दार लाव."

ताईने दार लावलं. कडी नाही घातली. हात कडीवरच ठेवून माझ्याकडे वळली आणि ओठ हलतील न हलतील इतक्या हळू मला विचारलं,

"मी तुला काय सांगितलं होतं?"

मी खाली बघितलं.

त्या रात्रीपासून झोपताना ताई कडी काढून ठेवते. मुद्दाम.

सकाळी ती घातलेली असते.